कोडं घालणाऱ्याने पाळायच्या गोष्टी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजक मला म्हणाले, 'तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल.' मी नको म्हटलं. एआयवर बोलणारे हल्ली लग्नाच्या पंगतीतही शेजारी येऊन बसतात. मी माझ्या एका छंदाबद्दल बोलणार आहे. निव्वळ शब्दांवर चालणारे कॉम्प्युटरचे खेळ असतात. ते मी खेळते आणि लिहितेही. त्यांत कोडी असतात, आणि कोडं घालताना सोडवणाऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून काय काय बघावं लागतं, एवढाच माझा विषय. समोर पहिल्या रांगेत आयुष्यभर प्रश्नपत्रिका काढलेली माणसं बसली आहेत. त्यामुळे थोडी धाकधूक आहे. पण बाईंनी मघाशी मान हलवून 'बोल' म्हटलंय, तेव्हा बोलते.

आधी खेळ कसा असतो ते सांगते, कारण बऱ्याच जणांनी तो पाहिलेला नसणार. यात चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर चार ओळी येतात: तुम्ही एका जुन्या विहिरीपाशी आहात, रहाटाला दोर नाही, उत्तरेला पडका वाडा आहे. खाली रिकामी ओळ. तिथे तुम्ही टाइप करायचं, 'उत्तरेला जा'. मग वाड्याचं वर्णन येतं. तिथे कुलूप असतं, कुठेतरी किल्ली असते, मध्ये कुणीतरी आडवं येतं. पुस्तक वाचल्यासारखंच, फक्त पान उलटायच्या आधी पुस्तक तुम्हाला विचारतं, 'बोला, आता काय करू?'

इंजिनिअरिंगला असताना आमच्या लॅबमध्ये लिनक्सवर असा एक खेळ होता, 'ॲडव्हेंचर'. तो या सगळ्या खेळांचा मूळपुरुष. विल क्राउदर नावाचा अमेरिकन प्रोग्रॅमर होता. आजच्या इंटरनेटचा पूर्वज म्हणजे अर्पानेट, त्यावर काम करणाऱ्या कंपनीत तो होता. गुहांमध्ये उतरून त्यांचे नकाशे काढायचा त्याला नाद होता. त्याची बायको पॅट हीसुद्धा पट्टीची गुहा-शोधक. केंटकीमधली फ्लिंट रिज आणि मॅमथ केव्ह या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे १९७२ मध्ये ज्या तुकडीने शोधलं, त्या तुकडीत ती होती. पुढे दोघांचा घटस्फोट झाला. मुली सुट्टीत बापाकडे यायच्या, त्यांच्यासाठी त्याने १९७५-७६ च्या सुमारास हा खेळ लिहिला. ज्या गुहेत तो उतरायचा, तीच गुहा शब्दांत. कॉम्प्युटरची भाषा न येणाऱ्या मुलींना साध्या इंग्रजी शब्दांत खेळता यावं, हा त्याचा हेतू. पुढे स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सला तो खेळ सापडला. त्याने क्राउदरची परवानगी काढली आणि १९७७ मध्ये खेळ वाढवला. मग अमेरिकेतल्या ज्या ज्या कॉम्प्युटरवर तो पोचला, तिथलं काम काही दिवस बंद पडलं, असं जुने लोक सांगतात. गंमत असेल, पण मला पटते.

त्यातलं एक कोडं बघा. गुहेत तुम्हाला पिंजरा मिळतो. पुढे एक काळी काठी मिळते. आणखी पुढे एक पक्षी दिसतो. पकडायला गेलात की खेळ सांगतो, तुम्ही आलात तेव्हा पक्षी निवांत होता, पण जवळ गेल्यावर बिचकला. बस, एवढंच. उत्तर असं की पक्षी त्या काठीला घाबरतो. काठी खाली ठेवा, मग तो पिंजऱ्यात येतो. हे कोडं न्यायाचं आहे का? माझ्या मते अर्धं. पक्षी 'आधी निवांत होता' हे सांगितलंय, म्हणजे बिथरण्याचं कारण माझ्याकडे आहे, इतकं कळतं. हातातल्या वस्तू एकेक करून खाली ठेवून बघता येतात. पण काठीच का, हे कुठेच येत नाही. 'त्याची नजर तुमच्या हाताकडे गेली' एवढी एक ओळ असती, तरी मी पूर्ण गुण दिले असते.

त्याच खेळात एक ड्रॅगन आहे. त्याला मारायचं म्हटलं की खेळ विचारतो, कशाने, नुसत्या हातांनी की काय? आपण खजील होऊन शस्त्र शोधायला जातो. उत्तर काय, तर त्या प्रश्नाला 'हो' म्हणायचं. ड्रॅगन मरतो! आता आपल्या शाळेत वाढलेल्या मुलाला 'अक्कल गहाण ठेवलीस का?' या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे पाचवीतच कळलेलं असतं. आम्ही कुठून 'हो' म्हणणार? पण हे कोडं मी माफ करते, कारण ते सुटल्यावर माणूस हसतो. नारळाच्या कोड्याचं उत्तर कळल्यावर लहान मूल कसं कपाळावर हात मारतं, तसं. उत्तर कळल्यावरही 'हे का?' असाच प्रश्न उरला, तर दोष कोडं घालणाऱ्याचा.

आता एक माफ न करण्यासारखं. एमआयटीतल्या मंडळींनी 'झॉर्क' नावाचा खेळ लिहिला आणि पुढे इन्फोकॉम ही कंपनी काढली. १९८१ च्या 'झॉर्क २' मध्ये एक चक्रव्यूह आहे. सगळ्या खोल्या सारख्याच विचित्र, जमिनीत चौकटच्या आकाराची खिडकी. कसंही चाललात तरी बाहेर पडता येत नाही. उत्तर असं की बेसबॉलमध्ये खेळाडू जसे ओळीने चार बेसना धावत फेरी मारतात, तसं चालायचं. मी हे कोडं पुस्तिकेतून उत्तर बघून सोडवलं, आणि सोडवल्यावरही मला काही कळलं नाही. कळणार कसं? त्यांच्या मुलांना जे अंगणात समजतं, ते मला कोशात बघावं लागलं.

उलटं करून बघा. समजा मी एक खोली लिहिली: एका रेषेत आठ दगड, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला, पुन्हा पूर्वेला, दोन्ही टोकांना खांब. आपल्या शाळेची कुठलीही मुलगी एका मिनिटात खांबाला वळसा घालून दगडाच्या पाठीमागे उभी राहील आणि 'खो' टाइप करेल. एमआयटीतला प्राध्यापक तिथेच म्हातारा होईल. आपल्याला ते कोडं सोपं वाटेल, आणि त्याला वाटेल आपण मठ्ठ आहोत. प्रत्यक्षात दोन्ही खरं नाही.

ग्रॅहम नेल्सन या ब्रिटिश गणितज्ञाने १९९३ मध्ये असे खेळ लिहिण्यासाठी 'इन्फॉर्म' नावाची भाषा तयार केली. त्याने खेळाडूच्या हक्कांची एक सनदच लिहून ठेवली आहे, सतरा कलमांची. पूर्वसूचनेशिवाय मरण येऊ नये, मागच्या खेपेला मरून जे कळलं त्याशिवायही जिंकता यावं, फक्त नशिबावर भिस्त नसावी, अशी कलमं. त्यात एक कलम आहे की खेळाडूला अमेरिकन असण्याची गरज पडू नये. वाचून मी लॅपटॉपला नमस्कार केला होता. या कलमाकडे मी परत येणार आहे, आपल्या शाळेच्या संदर्भात.

त्याआधी सगळ्यांत गाजलेलं कोडं सांगते, कारण त्यात न्याय आणि अन्याय शेजारी शेजारी बसले आहेत. 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' ही डग्लस ॲडम्सची कादंबरी आपल्यातल्या काहींनी वाचली असेल. १९८४ मध्ये ॲडम्सने इन्फोकॉमच्या स्टीव्ह मेरेट्झ्कीबरोबर तिचा खेळ केला. त्यात कानात घालायचा एक मासा आहे, तो घातला की कुठलीही परकी भाषा कळते. मासा एका यंत्रातून मिळतो. बटण दाबलं की मासा सुळकन उडतो आणि समोरच्या भिंतीतल्या भोकात जातो. भोकावर हूक आहे. तुम्ही अंगातला गाउन त्यावर टांगता. परत बटण. आता मासा गाउनवर आपटून खाली पडतो आणि जमिनीवरच्या जाळीतून गायब होतो. तुम्ही जाळीवर टॉवेल टाकता. परत बटण. मासा टॉवेलवर पडतो, तेवढ्यात एक सफाईचा रोबो येऊन घेऊन जातो. त्याच्या दारासमोर तुम्ही बॅग आडवी ठेवता. तर रोबो बॅगेवर धडकतो, मासा वर उडतो, आणि वरून दुसराच एक रोबो येऊन तो झेलून नेतो.

इथपर्यंत मला हे कोडं फार आवडतं. प्रत्येक चूक काहीतरी शिकवते. मासा कुठे गेला ते दिसतं, म्हणून पुढची पायरी सुचते. गणिताच्या तासाला बाई फळ्यावर चुकीचं उत्तर तसंच ठेवायच्या आणि विचारायच्या, 'गाडी रुळावरून कुठे घसरली?' तसं आहे हे.

पण शेवटची पायरी अशी की बॅगेवर टपालातल्या जाहिरातींचा गठ्ठा ठेवायचा. रोबो ती कागदं गोळा करण्यात गुंततो आणि मासा तुमचा. हा गठ्ठा कुठे होता? खेळाच्या सुरुवातीला, तुमच्या घराच्या दारात. आणि मधल्या काळात पृथ्वीच नष्ट झालेली असते! तेव्हा उचलला नसेल तर आता काहीही करा, मासा मिळणार नाही. भर म्हणजे यंत्रातले मासेही मोजकेच. आणि तुम्ही अडकलाय हे खेळ सांगत नाही. तुम्ही आपले तासन्‌तास डोकं आपटत राहता. लोक इतके जेरीस आले की ज्यांना मासा मिळाला त्यांच्यासाठी इन्फोकॉमने तसं छापलेले टी-शर्ट विकले. कंपनीला धंदा कळत होता.

या जातीच्या अन्यायाला मी सगळ्यांत वाईट मानते. कोडं कठीण आहे, याला माझी हरकत नाही. वाट आधीच बंद झालीय आणि तरीही 'प्रयत्न करा' म्हणत बसवून ठेवलंय, याला आहे. अँड्र्यू प्लॉटकिन नावाच्या खेळ-लेखकाने यासाठी पाच पायऱ्यांची एक पट्टी केली आहे, दयाळूपासून क्रूरपर्यंत. वाट बंद होऊच शकत नाही तो खेळ दयाळू. वाट बंद झाली हे कळतच नाही तो क्रूर. ही पट्टी मी ऑफिसातही वापरते. लोकांनी भरायचे ऑनलाइन अर्ज हे माझं रोजचं काम. मागच्या वर्षी आईच्या पेन्शनचा एक अर्ज भरत होते, पाचव्या पानावर लाल अक्षरांत 'माहिती अवैध'. कुठली माहिती? सांगत नाही. शेवटी निघालं ते पहिल्या पानावरचं, आईच्या माहेरच्या नावाचं स्पेलिंग. तोवर मुदत संपून अर्ज पुसला गेला होता. आई ७४ वर्षांची. ती म्हणाली, 'मला नाही बाई जमत हे, मीच अडाणी.' खेळात निदान मासाच जातो.

आता मराठीकडे येते. या मेळाव्यासाठी मी आपल्या शाळेवर एक छोटा खेळ लिहिला आहे, मराठीत. इंग्रजीत हे तुलनेने सोपं असतं. त्या पहिल्या खेळाला तर फक्त दोन शब्द कळायचे, आणि शब्दाची पहिली पाच अक्षरं पुरायची. मराठीत मात्र मजा सुरू होते. 'किल्लीने कुलूप उघड' आणि 'कुलूप किल्लीने उघड' दोन्ही बरोबर. शब्द कुठेही ठेवा, अर्थ प्रत्ययात असतो. म्हणून कॉम्प्युटरला आधी प्रत्यय सोलायला शिकवावा लागतो. 'डब्यात' मधून 'त' काढला की 'डब्या' उरतं, त्याचं परत 'डबा' करायचं. 'फळ्यावर' म्हणजे फळा, पण 'फळावर' म्हणजे फळ. सामान्यरूप कशासाठी शिकायचं, असं आपण नववीत बाईंना विचारलं होतं. बाई, उत्तर मिळायला तीसेक वर्षं लागली.

क्रियापदांचं तर विचारू नका. इंग्रजी खेळात याला 'क्रियापद ओळखा' हा रोगच मानतात: उत्तर सुचलेलं असतं, पण लेखकाच्या मनातला नेमका शब्द सापडत नाही. तोही अन्यायच. मी ग्रुपवरच्या सहा जणांना विचारलं, शाळेची घंटा वाजवायची असेल तर काय टाइप कराल? उत्तरं आली: घंटा वाजव, घंटा बडव, टोल दे, टोला हाण, घंटा कर, आणि घंटा दे. हे शेवटचं बघा. 'घंटा दे' म्हटलं तर भोळा कॉम्प्युटर विचारणार, 'कुणाला देऊ?' आपल्याला माहीत आहे की शिपाईमामा घंटा 'द्यायचे'. सगळी रूपं खेळात घालावी लागली. वर आमचे सर टाइप करणार 'घंटा वाजवावी', आणि कुणीतरी 'मी घंटा वाजवते'. तेही.

आणि खेळ खेळाडूशी बोलणार कसा? इंग्रजीला प्रश्नच पडत नाही. मराठीत 'तू आत गेलास' म्हटलं की मुली बाहेर, 'गेलीस' म्हटलं की मुलं बाहेर. 'तुम्ही आत आलात' चालतं, पण 'तुम्ही उभे आहात' नाही चालत, तिथे लगेच 'उभ्या' आठवतं. शेवटी सगळी वर्णनं अशी फिरवली की कुणी उभं राहायलाच नको. समोर वऱ्हांडा आहे, डाव्या हाताला पाण्याची टाकी आहे, एवढंच. आणि 'तुम्ही' ठेवलं, कारण सरांना 'तू' म्हणणारा कॉम्प्युटर माझ्या हातून होणं शक्य नव्हतं.

खेळाची गोष्ट अशी. शनिवारची सकाळची शाळा, सुटायची वेळ झालीय, पण घंटा होत नाही. आपली घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा टांगलेला तुकडा. तो वाजवायचा लोखंडी टोला प्रयोगशाळेत अडकलाय, आणि प्रयोगशाळेला कुलूप. अ तुकडीतला आपला एक मित्र म्हणाला, 'सोपं ठेव. किल्ली शिक्षक-खोलीतल्या फोटोमागे, खिळ्याला. सगळ्यांनाच माहीत आहे.' मला ते अमेरिकन असण्याचं कलम आठवलं. मी क तुकडीतल्या एका मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, 'आम्ही प्रयोगशाळेत गेलो ते दहावीच्या प्रॅक्टिकलच्या आधी, मोजून दोनदा. किल्ली अ तुकडीचा मॉनिटर आणायचा. फोटोमागे होती होय? मला आत्ता कळतंय.'

ती हसत बोलली. मी फोन ठेवल्यावर बराच वेळ काही टाइप केलं नाही.

किल्ली फोटोमागेच राहिली, पण आता ते कळायला अ तुकडीत असावं लागत नाही. शिपाईमामा खेळात फिरत असतात, त्यांच्या कमरेच्या जुडग्याची खुळखुळ ऐकू येते. शिक्षक-खोलीत ते जाऊन आले की खुळखुळ कमी झालेली असते. खोलीत बघितलंत तर एकच फोटो किंचित तिरका आहे. हात लावलात तर मागे काहीतरी किणकिणतं. तीन खुणा, तिन्ही खेळाच्या आत. एक हुकली तरी दुसरी आहे. माझ्या मुलीने ही शाळा कधी पाहिलेली नाही, तिने ते वीस मिनिटांत सोडवलं.

मग खेळ त्या मैत्रिणीकडे पाठवला. कोण काय टाइप करतं याची नोंद खेळ ठेवतो, म्हणून मला दिसलं. ती शिक्षक-खोलीकडे गेलीच नाही. वऱ्हांड्यातून थेट पाण्याच्या टाकीपाशी. 'दगड उचल.' मग मैदान. 'दगडाने घंटा वाजव.' कॉम्प्युटरने उत्तर दिलं की ते जमणार नाही. तिने परत टाइप केलं, 'का नाही?' तिसऱ्यांदा, 'आम्ही वाजवायचो.'

नेल्सनच्या सनदेत हेही आहे: एखादी गोष्ट जमत नसेल तर त्याला सबळ कारण हवं. दगडाने रूळ वाजत नाही याला काय कारण देणार? वाजतोच. त्याच रात्री मी तो रस्ता खेळात घातला. आता दगडाने घंटा होते, शाळा सुटते, गुण तेवढेच मिळतात.

यावर अ तुकडीच्या मित्राने माझ्याशी आठवडाभर वाद घातला. 'मग किल्लीच्या कोड्याला अर्थ काय राहिला? तू एवढी मेहनत घेतलीस आणि दहा सेकंदांत खेळ संपतो!' त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. कोड्याला थोडा अडथळा लागतोच, नाहीतर मजा कसली. पण मी त्याला म्हटलं, अडथळा खरा असला पाहिजे. केवळ मी म्हणते म्हणून दगड मुका होणार नाही. तो अजून पूर्ण मान्य करत नाही. आज समोरच बसलाय, चहाच्या वेळी तुम्हीच त्याच्याशी बोला.

शेवटचं, इशाऱ्यांबद्दल. इन्फोकॉम इशाऱ्यांच्या पुस्तिका विकायची, त्यांत उत्तरं अदृश्य शाईने छापलेली असत. खास पेन फिरवला की एक इशारा उमटे, तोही आधी मोघम, मग स्पष्ट, मग थेट उत्तर. हवं तेवढंच उघडायचं. शिवाय नुसते प्रश्न वाचून गोष्ट फुटू नये म्हणून मधूनमधून खोटे प्रश्नही असत. मला ती शाई इथे कुठे मिळाली नाही, म्हणून पाकिटं केली आहेत. प्रत्येक अडचणीला तीन पाकिटं, क्रमाने उघडायची. काही पाकिटं खोटी आहेत. ती सगळी बाईंच्या ताब्यात आहेत, आणि बाई पहिलं पाकीट मागितल्यावर लगेच देतील अशी माझी अपेक्षा नाही.

कॉम्प्युटर रूममध्ये चार मशीनवर खेळ चालू ठेवला आहे. मराठी टाइप येत नसेल तर शेजारी आठवीतली मुलं उभी आहेत, ती टाइप करून देतील. एकच विनंती आहे. उत्तर सापडलं तर मोठ्याने ओरडू नका, शेजारचा अजून शोधत असेल.